आइस्क्रीम क्रीपर : शोभा आणि बंदोबस्त

उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर चढतो, विहिरी तळ गांठतात आणि नाजुक फुलझाडें माना टाकतात. अशा नंदुरबार जिल्ह्यांत फारसें पाणी न मागतां गुलाबी घोसांनीं कुंपण झांकणारी वेल गृहस्थांस प्रिय व्हावी, यांत आश्चर्य नाहीं. तिला आइस्क्रीम क्रीपर म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत तिचें नांव अँटिगोनन लेप्टोपस असें असून तिचें माहेर मेक्सिको देश होय. स्वयंपाकघरांतील आंबट चुका तिच्याच कुळांतला. तिच्या फुलास खऱ्या पाकळ्या नसतातच. जें गुलाबी दिसतें तें फुलाचें बाह्य आवरण असून तेंच पुढें बीजास वेढून राहतें.

या वेलीचें सामर्थ्य जमिनीखालील कंदांत सांठविलेलें असतें. त्यामुळें ती अवर्षणांत तग धरते, आणि वरून छाटली तरी पुन्हां फुटते. घोसांच्या टोकांशीं असलेल्या ताण्यांनीं ती शेजारच्या लिंबावर वा शेवग्यावर चढते. पानांचें दाट छत्र झाडाचा प्रकाश हिरावून घेतें आणि झाड खंगत जातें. तिचीं फळें पाण्यावर तरंगतात. अंगणांतून नाल्यांत, नाल्यांतून गोमाईंत आणि प्रकाशें येथील संगमावरून तापींत, असा त्यांस मार्ग मोकळाच आहे. कॅरिबियन समुद्रांतील सेंट युस्टेशियस बेटावर शोभेसाठीं आणलेल्या याच वेलीनें पडीक शेतें व झुडुपें व्यापून टाकलीं आहेत.

म्हणून ती लावावयाची तर भरपूर उन्हांत, झाडांपासून दूर, मजबूत तारेच्या मांडवावर लावावी. खत व पाणी बेतानेंच द्यावें. बहर ओसरतांच, फळें गळण्यापूर्वीं, घोस खुडावेत. हिवाळ्याच्या अखेरीस वेल गुडघाभर उंचीवर छाटावी. छाटलेला पाला नाल्यांत टाकूं नये. तो वाळवून जाळावा.

वेल समूळ काढावयाची असल्यास पावसानें माती मऊ झाल्यावर खोल खणून सर्व कंद वेंचावेत. एखादाही राहिला तरी कोंब येतो. यास्तव पुढील दोन पावसाळे तरी त्या जागेवर लक्ष ठेवून, दिसेल तो कोंब कंदासह उपटावा. बंदोबस्तांत ठेवलेल्या वेलीवर मात्र मधमाशा आनंदानें येतात; तिला सरसकट शत्रु मानण्याचें कारण नाहीं. छाटणीस सवड नसेल, त्या घरीं जाईच बरी.