आण्याएवढे यंत्र, सोळा आणे खरे
जुन्या शेतीयंत्रांच्या लघुप्रतिकृती घडविण्याचा छंद

रुपयाचे सोळा आणे ज्यांनी मोजले आहेत, त्या वडीलधाऱ्या वाचकांना १:१६ हे प्रमाण समजावून सांगण्याची गरज नाही. रुपयातला एक आणा, म्हणजेच सोळावा हिस्सा. जुन्या ट्रॅक्टरांच्या, नांगरांच्या आणि मळणीयंत्रांच्या हुबेहूब प्रतिकृती घडविणाऱ्या जगभरच्या छंदिष्टांचे हे विशेष आवडीचे प्रमाण आहे. मूळ यंत्राची सोळा इंच लांबी प्रतिकृतीत एक इंच होते. चाकाचा व्यास, नटाचा आकार, आसनाची उंची या सर्वांना हाच एक भागाकार लागू पडतो. आकार आण्याएवढा झाला, तरी रूप आणि रचना मात्र सोळा आणे खरी उतरली पाहिजे, असा या छंदाचा दंडक आहे.

याला ‘मोठ्यांची खेळणी’ म्हणून हसण्यावारी नेणारेही पुष्कळ आहेत. परंतु जुन्या यंत्राची प्रतिकृती घडविणाऱ्याला ते यंत्र आधी पूर्णपणे समजून घ्यावे लागते. कोणता दांडा ओढतो, कोणता रेटतो, वंगण कोठून घातले जाते, चालक पाय कोठे ठेवतो, हे जाणल्यावाचून एकही भाग नीट जमत नाही. म्हणूनच शेतीयंत्रांच्या इतिहासात लघुप्रतिकृतींना प्रारंभापासून व्यवहारी मोल होते.

पटवून देणारी प्रतिकृती

अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात १७९० पासून १८८० पर्यंत अर्जासोबत सामान्यतः यंत्राची प्रतिकृती सादर करावी लागे. एकोणिसाव्या शतकात तिच्या आकाराला मर्यादाही होती. कोणत्याही बाजूने ती बारा इंचांहून मोठी चालत नसे. कापणीयंत्रे, पेरणीयंत्रे आणि नांगर यांच्या अशा कितीतरी प्रतिकृती त्या काळात तयार झाल्या. कागदावरील आराखडा वाचता न येणाऱ्यालाही प्रतिकृती पाहून यंत्राची युक्ती उमगत असे.

या सामर्थ्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९३८ च्या ऑक्टोबर महिन्यातील आहे. उत्तर आयर्लंडचे यंत्रज्ञ हॅरी फर्ग्युसन आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्याकडे गेले होते. त्या काळी नांगर सामान्यतः ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. फाळ जमिनीतील दगडात अडकला की मागची चाके जोर करीतच राहत, ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई आणि प्रसंगी सगळे यंत्र चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसन यांनी नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी एकजीव केला. खालचे दोन दांडे नांगर ओढीत आणि वरचा एक दांडा नांगराचा रेटा पुढे पोहोचवून पुढची चाके जमिनीला टेकलेली ठेवी. नांगराची खोली हायड्रॉलिक योजनेने आपोआप सांभाळली जाई.

ही गोष्ट शब्दांत सांगणे कठीण होते. प्रत्यक्ष नांगरट दाखविल्यानंतर फर्ग्युसन यांनी टेबलावर किल्लीने चालणारी ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती ठेवली आणि तिच्या साहाय्याने सारे तत्त्व उलगडून दाखविले. फोर्ड यांना ते पटले. दोघांनी केवळ हस्तांदोलन करून व्यवहार ठरविला आणि पुढच्याच वर्षी फोर्ड ९एन हा ट्रॅक्टर बाजारात आला.

व्यापारी वाचकांना या कथेचा उत्तरार्धही बोधप्रद वाटेल. हेन्री फोर्ड यांच्या नातवाच्या कारकिर्दीत हा अलिखित करार मोडला. फर्ग्युसन यांनी १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा लावला, आणि १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. यंत्राचे तत्त्व त्या लहानशा प्रतिकृतीने निःसंदिग्ध समजाविले होते. व्यवहाराच्या अटी मात्र कोणी कागदावर उतरविल्या नव्हत्या.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे फर्ग्युसन यांचा टीई-२० ट्रॅक्टर तयार होऊ लागला होता. करड्या रंगाच्या या आटोपशीर ट्रॅक्टरचे दहा वर्षांत पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. आज प्रतिकृतिकारांच्या अत्यंत आवडत्या यंत्रांत त्याची गणना होते.

तळघरातील भट्टी

१:१६ या प्रमाणाला लोकप्रियता मिळवून देण्यात अमेरिकेतील आयोवा राज्याचा मोठा वाटा आहे. तेथील ड्युब्यूक गावी फ्रेड अर्टल या ओतकामगाराने १९४५ मध्ये घराच्या तळघरात विमानांचे जुने ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून छोटे ट्रॅक्टर ओतण्यास आरंभ केला. घरच्या मंडळींनी हातभार लावला आणि या गृहोद्योगातून मोठी कंपनी उभी राहिली. १९५९ मध्ये ती जवळच्या डायर्सव्हिल गावी गेली. १९८६ पासून त्याच गावात शेतीविषयक खेळण्यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. दर नोव्हेंबरात तेथे प्रदर्शन भरते आणि हौशी कारागीर आपले काम घेऊन येतात. युरोपात १:३२ हे प्रमाण अधिक रूढ आहे, तर जागेची अडचण असणारे १:६४ पसंत करतात.

प्रमाणाचा हिशेब

हिशेबात मुरलेल्या माणसाला या छंदातील गणित विशेष रंजक वाटेल. टीई-२० च्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर ७० इंच. सोळाने भागले की ते चार इंच आणि तीन अष्टमांश इंच होते. परंतु वजनाला हा साधा भागाकार चालत नाही. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही सोळापट घटल्यामुळे वजन १६ × १६ × १६, म्हणजे ४०९६ पट घटते. मूळ ट्रॅक्टर सुमारे ११०० किलोचा. प्रत्येक भाग त्याच धातूत आणि त्याच प्रमाणात घडविता आला, तर प्रतिकृती जेमतेम २७० ग्रॅम भरेल.

पण प्रत्येक भाग तसा घडविता येत नाही. मडगार्डचा पत्रा दोन मिलिमीटर जाड धरला, तर प्रतिकृतीत तो एक अष्टमांश मिलिमीटर हवा. इतका पातळ पत्रा बोटाच्या दाबानेही वाकेल. म्हणून कुशल कारागीर जाड पत्रा घेतात आणि डोळ्यांना दिसणारी कडा तेवढी कानशीने उतरवून पातळ करतात. कोठे प्रमाण काटेकोर पाळायचे आणि कोठे ते किंचित सोडायचे, हा विवेक अनुभवाने येतो.

हातांचे काम

या छंदात शिरण्याचे तीन मार्ग आहेत. तयार प्रतिकृती घेऊन तिच्यात सुधारणा करणे हा पहिला. सुटे भाग असलेला संच आणून जोडणे हा दुसरा. मोजमापे घेऊन प्रत्येक भाग स्वतः घडविणे हा तिसरा, आणि खरी कसोटी त्यातच लागते. त्यासाठी यंत्राची जुनी दुरुस्ती-पुस्तिका, सुट्या भागांची सूची आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे हाताशी असावी लागतात.

साहित्य फार महागडे लागत नाही. पितळी पत्रा आणि तार, प्लास्टिकचे पातळ पत्रे, बारीक कानशी, चिमटे, डाख देण्याची इस्त्री, पॉलिश पेपर आणि एक चांगला व्हर्निअर कॅलिपर एवढ्यावर सुरुवात होते. स्टिअरिंगचे चाक पितळी तारेचे कडे वळवून करता येते. टायरवरील तिरप्या नक्षीसाठी आधी एकच टायर मन लावून घडवायचा, त्यावरून सिलिकॉन रबराचा साचा करायचा आणि मग त्यात रेझिन ओतून बाकीचे काढायचे. रेझिन घासताना तोंडाला मास्क हवा, आणि रंग फवारताना किंवा डाख देताना खोलीची खिडकी उघडी हवी. घरात लहान मुले असतील, तर ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

रंगकाम हा स्वतंत्र अभ्यास आहे. रंगाचा जाड थर दिला की रिव्हेटचे बारीक डोके बुजून जाते. रंगाची चकाकी फार झाली की यंत्र खेळण्यासारखे दिसू लागते. उत्तम कारागीर यंत्राच्या अंगावर त्याचे आयुष्य उमटवितात. चालकाचा पाय जेथे रोज पडे तेथील रंग झिजलेला दाखवितात, तेलाच्या टाकीच्या तोंडाशी ओघळ काढतात, आणि नांगराचे शरीर गंजलेले असले तरी मातीने घासलेला फाळ चकचकीत ठेवतात. या खुणांतून यंत्र वापरणारा माणूस दिसू लागतो.

आपल्या मातीतील यंत्रे

शेतीचे लघुरूप आपल्याला नवखे नाही. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवितात. त्या बैलामागे जोडावा असा लोखंडी नांगरही आपल्याकडे आहे, आणि त्याला इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. नवशिक्याने प्रतिकृतीसाठी पहिले यंत्र निवडावे, तर असा नांगरच निवडावा. त्याचे भाग मोजके आहेत, परंतु माती उलटविणाऱ्या पात्याचा वळसा साधणे हीच मोठी परीक्षा आहे.

ट्रॅक्टरची आवड असणाऱ्यांसाठी १९६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडियाचा बी-२७५ आहे. फर्ग्युसन यांच्या परंपरेतील मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर १९६० नंतर चेन्नईच्या टाफे कंपनीमार्फत भारतीय शेतांत आले. शिवाय उसाचा लोखंडी चरक, कडबा कापण्याचे यंत्र, धान्य उफणण्याचा पंखा आणि विहिरीवरचे तेलाचे इंजिन ही यंत्रे तर कितीतरी गावांत होती.

येथेच आपल्या वाचकांचा या छंदाशी निकटचा संबंध येतो. धान्याची अडत, गुळाची पेढी, लोखंडाचे वा शेतीअवजारांचे दुकान चालविणाऱ्या घराण्यांच्या गोदामांत आणि परसदारी अशी यंत्रे अद्याप पडून असतील. गोदाम रिकामे करावयाचे ठरले की ती किलोच्या भावाने जातात. भंगाराच्या काट्यावर लोखंडाचे वजन भरते, त्या जुळणीमागील अक्कल तेथे तोलली जात नाही. गावच्या लोहाराने वा सुताराने स्थानिक गरजेनुसार केलेल्या फेरबदलांचा तर कोणताही छापील आराखडा नसतो. तो नग वितळला की तो फेरबदलही कायमचा नाहीसा होतो.

जागेची आणि पैशाची अडचण खरी असते. प्रत्येक जुने यंत्र कोणी सांभाळू शकत नाही. परंतु विकण्यापूर्वी एक रविवार त्याला देता येईल. शेजारी मोजपट्टी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मुख्य भागांची लांबी, व्यास आणि जाडी वहीत टिपावी. ओतकामावरील अक्षरे आणि क्रमांक उतरवून घ्यावेत. यंत्र कोणी, कोणत्या साली, किती किमतीला घेतले, हे जुन्या चोपड्यांत सापडले तर तेही नोंदवावे. ते चालविणारे कोणी हयात असतील, तर ते सुरू कसे होई आणि कोठे हमखास अडे, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. ही वही हाती असेल, तर घरातील एखादा नातू किंवा नात पुढे कधीही त्याची प्रतिकृती घडवू शकेल. वहीच नसेल, तर कितीही कुशल हात असले तरी त्यांना घडविण्यास काही उरणार नाही.