पोटाचा पट्टा, आतला आणि बाहेरचा

पोटावर हात ठेवून एकदा खोकून बघा. बोटांखालची भिंत क्षणात कडक होते आणि लगेच सैल पडते. त्या एका क्षणात आत किती दाब तयार होतो? अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी २० निरोगी तरुण-तरुणींच्या पोटातला दाब मोजला आणि २००५ साली आकडे प्रसिद्ध केले. आडवे असताना तो पाऱ्याच्या जेमतेम २ मिलिमीटर होता, उभे राहिल्यावर २०. खोकताना मात्र सरासरी १०७, आणि उडी मारताना १७१! रक्तदाबाचा वरचा आकडा १२० असतो, त्याच मापातले हे आकडे आहेत. उलट साडेचार किलोचे वजन उचलताना दाब फारसा वाढलाच नाही. म्हणजे लहानशी पाण्याची बादली उचलायला घाबरणारा माणूस रात्रभर खोकत असेल, तर पोटाला खरा मार त्या खोकल्याचा बसतो.

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला धान आणि भरवेलीची मँगनीज खाण, दोन्ही अंगमेहनतीची कामे. हर्नियाचे ऑपरेशन झाले की घरी पहिला प्रश्न येतो तो धानाच्या रोवणीचा: तोवर उभे राहता येईल का? आणि दुसरा पोटावर बांधायला दिलेल्या रुंद इलॅस्टिकच्या बेल्टचा: तो ढिला पडला तर टाके तुटणार तर नाहीत?

टाके तुटत नाहीत. ते का, हे कळायला पोटाची भिंत बघावी लागते. बरगड्या आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये समोरच्या बाजूला एकही हाड नाही. सगळा भार स्नायूंवर आहे. दोन्ही कुशींना स्नायूंचे तीन थर असतात. सर्वांत बाहेरच्या थराचे धागे पँटच्या खिशात हात घालताना बोटे जातात त्या दिशेने तिरके उतरतात, मधल्या थराचे त्यांना छेद देत जातात, आणि सर्वांत आतल्या थराचे धागे आडवे, पाठीकडून पोटाकडे वळलेले असतात. हा आतला थर म्हणजे आपला जन्मजात कंबरपट्टा. ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९० च्या दशकात स्नायूंत बारीक तारा घालून तो अभ्यासला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. माणूस हात उचलतो त्याच्या काही मिलिसेकंद आधीच हा पट्टा आवळलेला असतो. हात अजून हललेलाही नसतो, तोवर मेंदूने पोट बांधून ठेवलेले असते. आयुष्यभर आपण हे करत आलो आहोत, आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

या भिंतीत काही जागा मुळातच कच्च्या असतात. एक बेंबी, जिथून गर्भात नाळ आत येत होती. दुसरी जांघ, जिथून जन्माच्या आधी मुलाची अंडग्रंथी खाली उतरते. तिसरी, जुन्या ऑपरेशनचा व्रण. टायरला चीर गेली की ट्यूब फुगा होऊन बाहेर डोकावते. तसेच आतले आवरण आणि कधी आतडे या जागांतून बाहेर येते. हाच हर्निया, ज्याला जुनी माणसे अंतर्गळ म्हणतात.

तो दुरुस्त कसा करायचा, या विचारात शल्यशास्त्राची जवळजवळ दीडशे वर्षे गेली. १८८७ साली इटलीतल्या एदोआर्दो बस्सिनी यांनी जांघेची भिंत थर जुळवून शिवण्याची पद्धत मांडली. पण ताणून शिवलेले पुन्हा उसवू शकते. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टनस्टाइन यांनी न ताणता प्लास्टिकची बारीक जाळी बसवायला सुरुवात केली. शरीराचे तंतू त्या जाळीच्या भोकांतून वाढतात आणि जाळी भिंतीचाच भाग होते. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी वेगळी वाट शोधली: रुग्णाच्याच स्नायूच्या चिवट पडद्याची एक पट्टी वळवून त्यांनी कच्च्या जागेला आधार दिला. आणि धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोंगावकर यांनी तर मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिले. महागडी जाळी गावातल्या रुग्णाला परवडत नाही, मग निर्जंतुक केलेले हे कापड का चालू नये? त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अशी ३५९ हर्नियांची दुरुस्ती करून २००३ साली निष्कर्ष छापले. पुढे युगांडात सुमारे ३०० पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली आलेल्या त्या अहवालात वर्षभरानंतर दोन्ही गटांत फरक म्हणावा असा उरला नव्हता. खानदेशातल्या एका छोट्या गावी सुचलेल्या कल्पनेला जगाने दिलेला हा कौल होता.

म्हणजे ऑपरेशननंतर भिंत धरून ठेवतात ते आतले टाके, जाळी आणि शरीराची स्वतःची डागडुजी. ही डागडुजी संथ चालते. कापलेल्या ऊतीत आधी कच्चे तंतू येतात, मग त्यांच्या जागी पक्के बसतात. तीन आठवड्यांनी जखमेत मूळ ताकदीचा साधारण पाचवा हिस्सा परतलेला असतो, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के. पूर्ण १०० टक्के कधीच होत नाही; म्हणून तर जाळीचा आधार लागतो.

मग बाहेरचा बेल्ट करतो काय? डेन्मार्कमध्ये बेंबी आणि तिच्या वरच्या हर्नियाच्या दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशननंतर ६० रुग्णांवर चाचणी झाली, आणि २०१५ साली निकाल आला. बेल्टने वेदना मोजण्याइतकी कमी झाली नाही, जखमेखाली पाणी साचणेही थांबले नाही. तरी बेल्ट बांधलेल्या बहुतेकांनी सांगितले की आपल्याला त्याचा फायदा झाला. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर कॅनडात झालेल्या चाचणीत बेल्ट बांधलेल्यांना चालणे लवकर जमू लागल्याचे दिसले. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले की बेल्टचे काम उमगते. तो हर्निया अडवत नाही, पण दुखऱ्या भिंतीला हलू न देता माणसाला उठायचा, खोकायचा, चालायचा धीर देतो. आणि ऑपरेशननंतर लवकर चालणे हे फुप्फुसांसाठी आणि पायांतल्या रक्तप्रवाहासाठी मोठे औषध आहे. आपल्याकडे बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याने बांधत आले आहेत. त्या मायेच्या मागेही हाच अनुभव असावा.

बांधायची रीत साधी आहे. अंथरुणावर उताणे पडावे, गुडघे वाकवावेत, बेल्ट कमरेखाली सरकवावा. आत सुती बनियन असू द्यावे. बालाघाटच्या दमट उकाड्यात उघड्या कातडीवर इलॅस्टिक घामाने चावते. श्वास सोडून झाला की व्हेल्क्रो खालून वर लावत यावे. बेल्टखाली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. श्वास अडत असेल, जेवल्यावर घुसमटत असेल, तर तो घट्ट आहे. फार आवळलेला बेल्ट आतला दाब खाली जांघेकडे ढकलतो. किती दिवस आणि रात्री झोपताना बांधायचा की नाही, हे ऑपरेशन पाहून डॉक्टर ठरवतात.

जांघेच्या हर्नियाचे गणित मात्र वेगळे आहे. पोटावरचा बेल्ट त्या जागेपर्यंत पोचतच नाही. तिथे खोकताना तळहाताने जागा दाबून धरणे हाच सोपा उपाय. महिनोन्महिने पडून राहण्याचा जुना सल्लाही मागे पडला आहे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, जांघेचे साधे ऑपरेशन असेल तर दुखत नाही तितपत रोजची कामे लवकर सुरू करावीत. बेंबीचे किंवा जुन्या व्रणाचे ऑपरेशन मोठे असेल तर जड ओझ्याला थांबावे लागते. धानाचे पोते उचलायचा दिवस डॉक्टरांनाच विचारावा. खोकला, तंबाखू आणि बद्धकोष्ठ यांचा बंदोबस्त मात्र लगेच करावा, कारण दाब तिथूनच चढतो.

आणि एक गोष्ट अजिबात लांबवू नये. फुगवटा कडक होऊन आत जाईना, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. तेव्हा बेल्ट आवळत बसू नये, तातडीने दवाखाना गाठावा. ऑपरेशन टाळण्यासाठी वर्षानुवर्षे पट्टा बांधून फिरणेही धोक्याचे.

बाहेरचा बेल्ट काही आठवड्यांचा सोबती. त्याच्या आधाराने रोज थोडे चालावे, पोटातून खोल श्वास घ्यावा, म्हणजे आतला पट्टा हळूहळू पुन्हा कामाला लागतो. बेल्ट किती दिवस बांधला याचा हिशेब न ठेवता तो बांधून किती पावले चाललो याचा ठेवावा; रोवणीला उभे राहायची तयारी त्या पावलांनीच होते.