तीन महिने सांगायचं नाही?

ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिककडच्या द्राक्षबागांत बायकांची लगबग सुरू होते. फेलफूट काढायची, शेंडे खुडायचे, पुढे घडांची विरळणी. डावणीचा जोरही नेमका याच दिवसांत. ढग आले, दोन सरी पडल्या, की ट्रॅक्टरवरचा ब्लोअर बागेत फिरायला लागतो. एका ओळीत फवारणी आणि पलीकडच्या ओळीत कामाला लागलेल्या बायका, हे काही नवं नाही. ओल्या पानांत घातलेल्या हातांनीच दुपारची भाकरी मोडली जाते.

त्यातल्याच एखादीची पाळी चार-सहा दिवस लांबलेली असते. पण ती बोलत नाही. 'तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये,' हे सासूबाईंनी बजावलेलं असतं. शिवाय सांगितलं तर रोज बुडणार!

मैत्रिणींनो, सगळ्यात नाजूक आठवडे हेच. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून घडतात, ती नळी गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. आठ आठवड्यांत बहुतेक अवयवांचा पाया घातला जातो. पेढे वाटेपर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं.

'पण डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, लाल नाही,' असं घरचे सांगतात. औषध पोटात गेलं किंवा अंगावर सांडलं तर ते लगेच किती विषारी ठरेल, एवढंच त्या रंगावरून कळतं. गर्भाबद्दल तो काही सांगत नाही. कार्बेन्डाझिम बुरशीच्या पेशींचं विभाजन रोखतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यामुळे गर्भात व्यंगं दिसली आहेत. मॅन्कोझेबपासून तयार होणारं एक रसायन थायरॉईडच्या कामात अडथळा आणतं. आणि सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉईडवर अवलंबून असते. युरोपीय संघाने 2020 मध्ये मॅन्कोझेबची मान्यता पुढे चालू ठेवली नाही.

घाबरून जाऊ नका. बागेत काम केलेल्या प्रत्येकीच्या बाळाला अपाय होतो, असं मुळीच नाही. पण काळजी घ्यायची ती दिवस गेल्याचं कळल्यावर नव्हे, त्याच्या आधीपासून. मूल हवं असेल तर औषध कालवणं, पंप धुणं ही कामं अंगावर घेऊ नका. फवारलेल्या बागेत लगेच शिरू नका. डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्या. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा वापरा. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला, मिश्रीला हात लावू नका. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी करू द्या. पाळी चुकली की लगेच तपासणी करा, डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा.

बागाईतदारांनीही एवढं करावं: अशा बाईला त्याच रोजावर फवारणीपासून लांबचं काम द्यावं.

गावाला नका सांगू हवं तर. पण नवऱ्याला, डॉक्टरांना आणि टोळीच्या मुकादमीणबाईंना जरूर सांगा. दृष्ट लागेल म्हणून गप्प बसायचं आणि औषध मात्र लागू द्यायचं, यात कसलं शहाणपण?