जन्मापूर्वी टोचलेली लस

2020 सालच्या जानेवारीत माझ्या दवाखान्यातील लसीकरणाच्या नोंदी जुन्या संगणकप्रणालीतून पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हलविण्याचे मी ठरविले. हजारो नोंदी पुन्हा टंकित करणे अशक्यच होते. सुदैवाने कमांड लाइनवर त्यासाठी ‘\कॉपी’ ही एकच आज्ञा पुरते : तक्त्याचे नाव, ‘फ्रॉम’, फाइलचे नाव आणि ‘सीएसव्ही’ हे स्वरूप. ‘फ्रॉम’च्या जागी ‘टू’ लिहिले की तोच तक्ता फाइलीत उतरतो.

प्रथम आमच्या मासिक लसीकरण शिबिराचा तक्ता चढविला. क्षणार्धात काम झाले आणि मी स्वतःवरच खूश झालो. नंतर जन्मतारखांचा तक्ता मात्र 20/02/2019 या तारखेपाशी अडला. पोस्टग्रेस महिना आधी वाचत होते. विसावा महिना त्याला सापडेना. अशी एकही ओळ चुकली तर ‘कॉपी’ त्या तक्त्यातील काहीच स्वीकारत नाही. ‘डेटस्टाइल’ बदलून दिवस आधी वाचावयास सांगितले आणि तक्ता चढला.

काही दिवसांनी त्याच बालकाची आई आली. संगणकाच्या मते गोवराची लस द्यावयाची राहिली होती. ती माउली म्हणाली, ‘‘डॉक्टर, डिसेंबरच्या शिबिरात टोचली होती ना?’’ तिच्याजवळचे कार्ड 1 डिसेंबर 2019 सांगत होते. माझा संगणक 12 जानेवारी 2019, म्हणजे जन्माच्या 39 दिवस आधी! कार्ड हरवले असते तर त्या बाळाला मी विनाकारण पुन्हा सुई टोचली असती.

आमचे शिबिर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरते. ती तारीख कधीच सातच्या पुढे जात नाही. त्यामुळे दिवस आणि महिना यांची अदलाबदल होऊनही प्रत्येक तारीख संगणकास ग्राह्यच वाटली. तक्ता महिन्यांप्रमाणे मोजला असता, तर जुलैनंतर एकही लस नाही हे तत्काळ ध्यानात आले असते. मी केवळ एकूण ओळी मोजल्या होत्या, आणि त्या तंतोतंत जुळत होत्या.

आता मी आधी ‘डेटस्टाइल’ ठरवितो. ‘बिगिन’ लिहून मगच ‘\कॉपी’ देतो, महिनावार मोजणी करतो, दहा बालकांच्या नोंदी कार्डांशी ताडून पाहतो आणि नंतर ‘कमिट’; शंका आली तर ‘रोलबॅक’. (फाइल मध्येच एक्सेलमध्ये उघडून जतन करू नये, दूरध्वनी क्रमांकांतील 0265 चे आरंभीचे शून्य तेथे गळते.) शिबिराचा तो तक्ता त्याच रात्री रिकामा करून पुन्हा चढविला.