आजीच्या तीन गोळ्या

आजचा एपिसोड माझ्या आजीपासून सुरू करतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती उठली आणि मला म्हणाली, “अरे, तुझे आजोबा दारात उभे आहेत, चहा टाक.” आजोबांना जाऊन 9 वर्षं झालीत. घरात सगळे म्हणाले, वय झालं आता तिचं. डॉक्टरांनी मात्र एकच सांगितलं: घरातल्या तिच्या सगळ्या गोळ्या घेऊन या.

तीन निघाल्या. सारखी लघवीला लागते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. पोटात कळ येते म्हणून डायसायक्लोमिन. आणि सर्दीसाठी मेडिकलमधून मीच आणलेली क्लोरफेनिरामिन. दुखणी तीन, पण तिन्ही गोळ्यांचा एक गुण सारखाच: अँटिकोलिनर्जिक.

म्हणजे काय? आपल्या नसा अवयवांना निरोप देतात, त्यातला एक निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलिन. लाळ सोड, आतडं हलव, मूत्राशय आवळ, हृदय जरा सावकाश चालव. ही औषधं निरोप घेणाऱ्या जागा, म्हणजे मस्कॅरिनिक रिसेप्टर, अडवून बसतात. निरोप्या दारापर्यंत येतो, पण आत कुणाला काही कळत नाही.

हे अडवणंच खूपदा कामाला येतं. डोळे तपासताना बाहुली मोठी करणारे थेंब, सीओपीडीच्या पेशंटचा टायोट्रोपियम इनहेलर, गाडी लागू नये म्हणून हायोसिन. आणि ॲट्रोपिन! फवारणी करताना ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा झाली की शरीरात ॲसिटिलकोलिन साचतं, छाती स्रावानं भरते. तेव्हा ॲट्रोपिन जीव वाचवतं. महादेवाला वाहतात त्या धोतऱ्यातही हेच ॲट्रोपिन आणि हायोसिन असतं, म्हणून तर तो विषारी.

पण अशा गोळ्यांची बेरीज होते. तोंड कोरडं, नजर धूसर, बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, धडधड. आणि उतारवयात मेंदूलाही फटका बसतो: गोंधळ, भास. तोंड कोरडं पडतंय, असं आजी आठवडाभर सांगत होती. मी म्हणायचो, “पाणी पी.”

डॉक्टरांनी दोन गोळ्या बंद केल्या, एक बदलली. चौथ्या दिवशी आजीनं विचारलं, “मी काय काय बोलले रे?” मी फक्त चहाचं सांगितलं.

तर मंडळी, एवढं कराच. घरातल्या मोठ्यांच्या सगळ्या गोळ्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. डॉक्टरांना दाखवा, आणि मेडिकलमधून साधी सर्दीची गोळी घेतानाही दाखवा. चालू गोळी मात्र मनानं बंद करू नका. भेटू पुढच्या भागात!