पेशवाई : पद आणि कालखंड

‘पेशवाई’ हा शब्द आज सर्रास एका कालखंडाचे नाव म्हणून योजला जातो आणि त्याचा आरंभ १७१३ मध्ये, शेवट १८१८ मध्ये झाला असे पाठ केले जाते; मुळात मात्र ते एका पदाचे नाव आहे. फारसीत ‘पेश’ म्हणजे पुढे आणि ‘पेशवा’ म्हणजे पुढारी, म्हणून दरबारातील अग्रगण्य मंत्री. सरदाराची जशी सरदारकी, तशी पेशव्याची पेशवाई. हे पद दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी होते, शिवाजी महाराजांच्या राज्यात मोरोपंत पिंगळे यांच्याकडे होते, आणि राज्याभिषेकानंतर त्यालाच ‘मुख्य प्रधान’ हे संस्कृत नाव मिळाले. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ भट यांना ते दिले, तेव्हा जुने पद नव्या घराण्याकडे गेले, एवढेच.

पेशवे राजे होते, हा समजही याच गफलतीतून उपजला आहे. शाहू महाराज १७४९ मध्ये निवर्तल्यावर सत्ता पुण्यात एकवटली हे खरे, तरी पेशवाईची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच येत आणि पेशव्यांच्या शिक्क्यावर नाव छत्रपतींचे असे. राज्याला ‘मराठेशाही’ म्हणणे म्हणूनच अधिक नेमके.

खरी अडचण शेवटाच्या सालाची आहे. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव जून १८१८ मध्ये इंग्रज सेनानी माल्कमला शरण आला, हा पुण्याच्या गादीचा शेवट. ठाण्याच्या खाडीकाठी तो हिशेब लागू पडत नाही. मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेली साष्टी, म्हणजे खाडीचा पश्चिम तीर, इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. समोरचा पूर्व तीर, जिथे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आज कारखान्यांनी वेढलेले पावणे गाव आहे, जून १८१७ च्या पुणे तहापर्यंत पेशव्यांकडे होता. त्या तहात बाजीरावाने बेलापूर आणि कल्याणसह उत्तर कोकण इंग्रजांना दिले. पेशवे आणि इंग्रज यांच्यातील खडकीची लढाई त्यानंतर, नोव्हेंबरात झाली. एकाच खाडीच्या दोन काठांवर पेशव्यांचा अंमल असा चार दशकांहून अधिक अंतराने संपला, आणि दोन्हीकडे १८१८ पूर्वीच.

या भागातील एखाद्या विहिरीला किंवा देवळाला ‘पेशवेकालीन’ म्हणणाऱ्याने खाडीचा काठ कोणता आणि साल कोणते, हेही सोबत नोंदवावे.