युग्मबेरीज, संगणकीय

समूहातील प्रत्येक दोन घटकांच्या जोडीवरून ठरणाऱ्या राशींची बेरीज. समूहात न घटक असल्यास भिन्न जोड्यांची संख्या न (न − १)/२ असते. संख्यात्मक गणनात ही बेरीज बहुधा एकदाच काढून भागत नाही. घटकांची स्थाने बदलून ती पुनःपुन्हा काढावी लागते. म्हणून आज्ञावलीत ती एक संख्या म्हणून न लिहिता स्थानांचे फलन म्हणून लिहिली जाते. संख्यांची मालिका निम्मीनिम्मी विभागून बेरजेतील त्रुटी कमी करण्याच्या रीतीलाही इंग्रजीत असेच नाव आहे; ती रीत येथे अभिप्रेत नाही.

जे. जे. टॉमसन यांच्या १९०४ मधील अणुप्रतिमानातून उद्‌भवलेला प्रश्न हे या बेरजेचे उत्तम उदाहरण होय. एकक त्रिज्येच्या गोलपृष्ठावर न इलेक्ट्रॉन कसे मांडावेत म्हणजे त्यांची एकूण स्थितिज ऊर्जा किमान होईल, असा हा प्रश्न आहे. योग्य एकके घेतल्यास प्रत्येक जोडीची ऊर्जा म्हणजे १ भागिले त्या दोहोंतील सरळ अंतर. चार इलेक्ट्रॉनांच्या सहा जोड्या होतात. सुसम चतुष्फलकाच्या शिरोबिंदूंवर मांडणी केल्यास ऊर्जा ३.६७४ येते व तीच किमान असते. आठ इलेक्ट्रॉनांसाठी घन हे उत्तर असेल असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु घनाची ऊर्जा १९.७४१ आहे, तर एक चौरस दुसऱ्याच्या तुलनेने ४५° फिरवून व दोहोंतील अंतर योग्य राखून केलेल्या मांडणीची १९.६७५ आहे. फरक इतका अल्प असल्याने बेरीज अचूक लिहिली जाणे महत्त्वाचे ठरते.

चार इलेक्ट्रॉनांची सहा पदे हाताने लिहिता येतात. बारांची ६६ पदे लिहिताना एखादे गळण्याचा वा दोनदा येण्याचा संभव असतो. म्हणून पदे सुटी न लिहिता जोडीचा नियम आणि जोड्या निवडण्याची रीत वेगवेगळी ठेवतात. पहिला क्रमांक १ पासून न − १ पर्यंत व दुसरा नेहमी पहिल्याहून मोठा घेतला, तर प्रत्येक जोडी एकदाच येते. दोन्ही क्रमांक १ पासून न पर्यंत घेतल्यास प्रत्येक जोडी दोनदा मोजली जाते, आणि घटकाची स्वतःशीच जोडी लागून शून्याने भागण्याचा प्रसंग येतो. मात्र क्रम उलटल्यास जोडीची राशी बदलत असेल, तर दोन्ही क्रमांच्या जोड्या घेणे आवश्यक असते.

असे तयार झालेले फलन किमान मूल्य शोधणाऱ्या सर्वसाधारण कार्यपद्धतीच्या हाती देता येते. त्या पद्धतीला इलेक्ट्रॉनांविषयी काही माहीत असावे लागत नाही. ती स्थाने पुरविते व ऊर्जा परत घेते. सूत्रच दुसऱ्या कार्यपद्धतीला देण्याची ही कल्पना जुनी आहे. अल्गॉल ६० या भाषेत बेरजेचे पद नावाने देऊन ते प्रत्येक क्रमांकासाठी नव्याने काढविण्याची युक्ती डेन्मार्कचे संगणकतज्ञ येन्सन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मॅटलॅब या प्रणालीत फलनाकडे निर्देश करणाऱ्या मूल्यास ‘फंक्शन हँडल’ म्हणतात; ते २००० मध्ये आले आणि नाव न देता एका ओळीत फलन लिहिण्याची सोय २००४ मध्ये झाली. अशा अनामिक फलनात स्थानांव्यतिरिक्त इतर राशी, उदा., विद्युत् भार, आल्यास त्यांची मूल्ये फलन तयार होतानाच गोठविली जातात. नंतर भार बदलला तरी फलन जुनाच भार वापरते. पायथन भाषेत याउलट, बाहेरील चलाचे मूल्य फलन वापरते वेळी पाहिले जाते. हा भेद लक्षात न घेतल्यास आज्ञावली विनातक्रार चालते, पण उत्तर चुकते.

लेखन सुटसुटीत झाले तरी गणनाचा भार कमी होत नाही. १,००० घटकांच्या ४,९९,५०० जोड्या होतात, तर १०,००० घटकांच्या ४,९९,९५,०००. म्हणजे घटक दसपट झाले की काम सुमारे शंभरपट होते. सर्व अंतरांचे आव्यूह एकदम तयार केल्यास आज्ञावली आटोपशीर दिसते; पण १०,००० घटकांसाठी, प्रत्येक संख्येस ८ बाइट धरल्यास, ८० कोटी बाइट स्मृती लागते. एकच घटक हलला असेल, तर फक्त न − १ जोड्या पुन्हा काढणे पुरते. दूरच्या घटकांचे गट करून त्यांचा परिणाम एकत्रित घेण्याची बार्न्स व हट यांची पद्धत (१९८६) आणि ग्रीनगार्ड व रॉकलिन यांची पद्धत (१९८७) यांमुळे फार मोठ्या समूहांची बेरीज अल्प त्रुटी पतकरून काढता येते.

बेरीज बिनचूक असली तरी मिळालेली मांडणी केवळ आसपासच्या मांडण्यांहून सरस असू शकते. म्हणून निरनिराळ्या आरंभस्थानांपासून शोध घेतात. तरीही तो शोध म्हणजे सिद्धता नव्हे. केवळ पाच इलेक्ट्रॉनांसाठीचे उत्तर, त्रिकोणी द्विस्तूप, सिद्ध करण्यास रिचर्ड श्वार्ट्‌झ यांना एकविसाव्या शतकात संगणकाचे साहाय्य घ्यावे लागले.